उद्योगांचे विलीनीकरण : वाढीचा मार्ग आणि कायद्याची चौकट

दिवाळीच्या पहाटे महाराष्ट्रातील असंख्य घरांत अभ्यंगस्नानाच्या पाटाजवळ उटणे, सुगंधी तेल आणि मोती साबणाची वडी मांडलेली असते. ही वडी मूळची टाटा ऑइल मिल्स, म्हणजेच ‘टॉम्को’ या कंपनीची. १९९३ साली ठरलेल्या एका विलीनीकरणाने ती हिंदुस्थान लिव्हर कंपनीची झाली. साबणाचे नाव तेच राहिले. त्यामागची कंपनी मात्र दुसऱ्या कंपनीत सामावून गेली. वृत्तपत्रांत अशा विलीनीकरणाच्या वार्ता वारंवार येतात. ती कशी घडून येतात, त्यांत कोणाचे हित गुंतलेले असते आणि त्या हिताचे रक्षण कायदा कसे करतो, हे या उदाहरणावरून समजून घेता येईल.

वाढीचे दोन मार्ग

उद्योगाची वाढ दोन प्रकारांनी होते. नवा कारखाना उभारणे, नवे उत्पादन बाजारात आणणे, विक्रेत्यांचे जाळे विणणे हा पहिला प्रकार. तो खात्रीचा असला तरी वेळखाऊ आहे. दुसऱ्याने उभारलेला चालू उद्योग आपल्यात सामावून घेणे हा दुसरा प्रकार होय. त्याचेही दोन पोटभेद आहेत. एका कंपनीने दुसरीचे पुरेसे भाग विकत घेऊन तिच्यावर नियंत्रण मिळवले, तर त्यास संपादन म्हणतात. यात दुसरी कंपनी कायद्याच्या दृष्टीने जिवंत राहते. विलीनीकरणात मात्र तिचे स्वतंत्र अस्तित्व संपते. तिची मालमत्ता, देणी, करार आणि कर्मचारी पहिल्या कंपनीकडे वर्ग होतात.

ही कल्पना सहकारी चळवळीत काम करणाऱ्यांस अपरिचित नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १७ नुसार निबंधकांच्या पूर्वमान्यतेने आणि विशेष सर्वसाधारण सभेतील दोन तृतीयांश बहुमताने एका संस्थेचे दुसऱ्या संस्थेत एकत्रीकरण करता येते. कंपन्यांच्या बाबतीत व्यवहार मोठा आणि गुंतागुंतीचा असला, तरी सभासदांची संमती आणि त्रयस्थ अधिकाऱ्याची तपासणी हे तत्त्व तेच आहे.

एका कंपनीची वाटचाल

हिंदुस्थान लिव्हर ही कंपनी स्वतःच विलीनीकरणातून जन्मास आली. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग (१९३१), लिव्हर ब्रदर्स इंडिया (१९३३) आणि युनायटेड ट्रेडर्स (१९३५) या तीन कंपन्या १९५६ साली एकत्र आल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेली ही कंपनी उभी राहिली. त्याच वेळी तिच्या भांडवलाचा दहा टक्के हिस्सा भारतीय जनतेस देऊ करण्यात आला.

१९९१ साली केंद्र शासनाने नवे औद्योगिक धोरण स्वीकारले. मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या कंपन्यांना विलीनीकरणासाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन दूर झाले. या बदलाचा लाभ ज्या उद्योगधुरीणांनी प्रथम घेतला, त्यांत हिंदुस्थान लिव्हरचे चालक होते.

टॉम्को ही १९१७ साली स्थापन झालेली जुनी कंपनी. हमाम, ५०१, मोती ही तिची नावे घरोघर पोहोचली होती. परंतु कंपनी तोट्यात होती. नामांकित उत्पादने पण क्षीण आर्थिक स्थिती, असा उद्योग सबळ प्रतिस्पर्ध्यास हवासा वाटतो. लिव्हरला तयार कारखाने आणि लोकांच्या ओठांवरची नावे मिळणार होती. टाटा समूहाला साबणाच्या धंद्यातून बाहेर पडता येणार होते.

आक्षेप आणि निवाडा

विलीनीकरणात प्रथम प्रश्न येतो तो भागांच्या विनिमयाचा. टॉम्कोच्या दर १५ भागांस लिव्हरचे २ भाग, असे प्रमाण ठरले. ज्याच्याकडे टॉम्कोचे १५० भाग होते, त्याला लिव्हरचे २० भाग मिळाले. असे प्रमाण ठरविताना दोन्ही कंपन्यांची मालमत्ता, मिळकत आणि भागांचा बाजारभाव यांचा विचार तज्ज्ञ लेखापाल करतात. हे प्रमाण टॉम्कोच्या भागधारकांस अन्यायकारक आहे, असा आक्षेप घेण्यात आला. नवे भाग काढल्याने लिव्हरमधील युनिलिव्हर या परदेशी मूळ कंपनीचा वाटा घटणार होता. तो ५१ टक्के राखण्यासाठी तिला बाजारभावापेक्षा कमी किमतीत भाग देण्याची तरतूद होती. तिच्यावरही टीका झाली.

याहून जिव्हाळ्याचा प्रश्न कामगारांचा होता. दोन्ही कंपन्यांच्या कामगार संघटनांनी योजनेस विरोध केला. लिव्हरच्या कामगारांना आपल्या सेवाशर्तींवर विपरीत परिणाम होईल अशी भीती होती. टॉम्कोच्या कामगारांची मागणी लिव्हरच्या कामगारांइतक्या सवलती मिळाव्यात अशी होती. साबणाच्या बाजारात एकाच कंपनीचे वर्चस्व निर्माण होईल, अशी तक्रार ग्राहकांच्या वतीने मांडण्यात आली.

मुंबई उच्च न्यायालयाने योजनेस मंजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याविरुद्धची अपिले फेटाळली. तज्ज्ञांनी केलेले मूल्यांकन भागधारकांनी प्रचंड बहुमताने स्वीकारले असता न्यायालयाने त्याची आकडेमोड पुन्हा करीत बसू नये, असा या निवाड्याचा आशय आहे. टॉम्कोच्या कामगारांची सेवा अखंड धरली जाणार होती आणि त्यांच्या पूर्वीच्या शर्ती खालावणार नव्हत्या. न्यायालयाने एवढे संरक्षण पुरेसे मानले. म्हणजेच आहे ते टिकले, पण अधिकाची हमी मिळाली नाही. कामगार प्रतिनिधींनी हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यश आणि मर्यादा

यानंतर कंपनीने हाच मार्ग पुढे चालवला. ब्रुक बाँड आणि लिप्टन यांच्या एकत्रीकरणातून बनलेली कंपनी १९९६ साली लिव्हरमध्ये विलीन झाली आणि चहाचा मोठा व्यवसाय हाती आला. २००७ साली कंपनीचे नाव हिंदुस्थान युनिलिव्हर झाले. २०२० साली हॉर्लिक्स बनविणारी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही कंपनी तिच्यात विलीन झाली.

प्रत्येक पाऊल मात्र लाभाचेच ठरले असे नाही. जानेवारी २००० मध्ये मॉडर्न फूड इंडस्ट्रीज या केंद्र शासनाच्या पाव बनविणाऱ्या कंपनीचे ७४ टक्के भाग लिव्हरने घेतले. पाव हा रोज ताजा विकावा लागणारा, स्थानिक बेकऱ्यांशी स्पर्धा करणारा माल. साबण आणि चहा खेडोपाडी पोहोचविणाऱ्या कंपनीने अखेरीस २०१६ साली हा व्यवसाय विकून टाकला. उद्योग विकत घेता येतो. परंतु तो चालविण्याची हातोटी त्या किमतीत येतेच असे नाही.

आजची चौकट

आज विलीनीकरणाची कार्यवाही कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम २३० ते २३२ अन्वये होते. पूर्वी उच्च न्यायालयाकडे असलेले हे काम डिसेंबर २०१६ पासून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे आले. योजनेस मतदान करणाऱ्या भागधारकांच्या आणि धनकोंच्या बहुसंख्येची संमती लागते आणि मूल्याच्या हिशोबाने हे बहुमत तीन चतुर्थांशांचे असावे लागते. मोठ्या व्यवहारांना भारतीय स्पर्धा आयोगाची मान्यता आवश्यक असते. ही तरतूद १ जून २०११ पासून अमलात आली. नोंदणीकृत भागबाजारातील कंपनीचे २५ टक्के किंवा अधिक मताधिकार घेणाऱ्याने इतर भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के भाग विकत घेण्याचा खुला प्रस्ताव द्यावा, असा सेबीचा २०११ चा नियम आहे. मालकी बदलताना लहान भागधारकासही योग्य किमतीत बाहेर पडता यावे, हा त्यामागील हेतू.

या तरतुदींचा उपयोग संबंधितांच्या जागरूकतेवर अवलंबून असतो. निवृत्तिवेतनातून चार भाग घेतलेला शिक्षक असो, गावाजवळच्या कारखान्यातील कामगार असो, की त्या कारखान्याकडून कर घेणारी ग्रामपंचायत असो, विलीनीकरणाची सूचना निघाल्यावर ती वाचणे, विनिमयाचे प्रमाण आणि सेवाशर्तींचे कलम तपासणे, आणि आक्षेप असल्यास मुदतीत लेखी नोंदविणे हे त्यांच्या हिताचे आहे. मोती साबणाचे नाव तेवढे टिकून राहिले, कारण ग्राहकाचा त्यावर विश्वास होता आणि नव्या मालकाने तो जपला. कामगाराच्या आणि लहान भागधारकाच्या हितासाठी मात्र केवळ नव्या मालकाच्या इच्छेवर विसंबून चालत नाही. त्यासाठी कायद्याने दिलेला अधिकार वेळीच वापरावा लागतो.