डब्लिनचं वार्तापत्र : वराडकरांचा हिशेब

डब्लिन : जून 2017 मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे बातमी झाली ती त्यांच्या आडनावाची. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आई इथलीच, आयरिश नर्स. त्या कौतुकात हा माणूस बोलतो काय, हे कुणी फारसं विचारलं नाही. गावाकडून, किल्लारीहून फोन आला की अजून विचारणा होते, ‘आपले वराडकर काय म्हणतात?’ 2024 मध्ये पायउतार झाले, एवढ्या उत्तरानं भागत नाही. त्यांचं म्हणणं कळायला आधी इथली पगाराची स्लिप बघावी लागते.

स्लिपवर कपातीच्या तीन ओळी असतात. पहिली प्राप्तिकराची : 2025 च्या हिशेबानं एकट्या माणसाला 44 हजार युरोंपर्यंत 20 टक्के, त्यावर थेट 40 टक्के. दुसरी ‘युनिव्हर्सल सोशल चार्ज’ची. 2008 नंतर बँका बुडाल्या, देश कर्जात गेला, तेव्हा 2011 मध्ये हा कर आला आणि इथंच मुक्काम ठोकून बसला. तिसरी सामाजिक विम्याची, साधारण 4 टक्के. तिन्ही मिळून 70 हजारांच्या वर कमावणाऱ्याच्या शेवटच्या 100 युरोंतले निम्म्याहून जास्त सरकारजमा होतात. शेतकरीही सुटत नाही, त्यालाही प्राप्तिकर आणि विमा दोन्ही भरावे लागतात. आपल्या सोयाबीनवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल.

वराडकरांचं राजकारण या निम्म्यावर उभं राहिलं. सकाळी लवकर उठून कामाला जाणाऱ्यांचा पक्ष आपल्याला चालवायचा आहे, असं ते पक्षनेतेपदाच्या लढतीत म्हणाले आणि गदारोळ झाला. मग बाकीचे काय लोळत असतात? (किल्लारीकडं रातच्या लायटीवर पाणी द्यायला माणसं मध्यरात्रीच उठतात, त्यांना कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा.) त्याआधी समाजकल्याण मंत्री असताना त्यांनी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीमच काढली होती. ती मला तेव्हाही खटकली. गरिबाकडं चोर म्हणून बघायची सवय अशा फलकांनीच लागते.

पण याच मंत्र्यानं केलेली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. जो भरतो त्याला परत काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर तो भरायला कुरकुरणारच, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून 2017 मध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांना, शेतकऱ्यांनासुद्धा, विम्यातून दातांचे-डोळ्यांचे लाभ आणि आजारानं कायमचं काम सुटलं तर निवृत्तिवेतन मिळू लागलं. पुढं उद्योगमंत्री असताना त्यांनी आजारपणाची पगारी रजा कायद्यात आणली. ती 2023 पासून लागू झाली. इतक्या श्रीमंत देशात तोवर मालकावर तसं बंधनच नव्हतं! मुलांचा भत्ता मात्र जुना आहे : प्रत्येक मुलामागं महिन्याला 140 युरो, म्हणजे साधारण 14 हजार रुपये. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो बहुधा आईच्या खात्यात पडतो. डॉक्टरच्या घरी तेवढाच, हमालाच्या घरी तेवढाच. कुणाचा फोटो नाही, कुणाचे आभार नाहीत.

गाडी अडली ती घरातल्या बाईपाशी. इथल्या 1937 च्या राज्यघटनेत एक कलम आहे : पोटासाठी आईला घर सोडून कामाला जावं लागू नये, असा प्रयत्न सरकार करील. भाषा जुनाट, म्हणून ती बदलून कुटुंबातल्या ‘काळजी’ला मान देणारा मजकूर घालायचा सरकारनं ठरवलं. अपंग लेकरांच्या आयांनी विचारलं, मान ठीक, पैसे किती? या बदलावरच्या सार्वमताआधी वराडकर टीव्हीवर बोलून गेले की काळजीची ही जबाबदारी सरकारची नव्हे, कुटुंबाचीच. 8 मार्च 2024 ला जवळपास 74 टक्के मतं विरोधात पडली. 20 मार्चला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं वैयक्तिक आणि राजकीय, दोन्ही सांगितली.

माझं मत विचाराल तर कमावणाऱ्याचा हिशेब वराडकरांना चोख कळला, अंथरुणावरच्या सासूचं करणारीचा कळलाच नाही.

आपण हसायचं कारण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत घरं उभी राहिली ती जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदारांच्या पैशातून. त्यामुळं सरकारी पैसा म्हणजे वरून येणारी मदत, ही समजूत आपल्याकडं घट्ट बसली. पण शहरातल्या पगारातून कापून गावातल्या घराला आधार द्यायची युक्ती महाराष्ट्रानं वराडकरांच्या जन्माआधीच केली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला पैसा उभा राहावा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर बसला. तो आजही कापला जातो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या पोराची स्लिप मागवून ती ओळ शोधा, आणि आपल्या मतदारसंघाचे, औशाचे आमदार गावात आले की त्या पैशाचा हिशेब मागा.