घरांतील निरोपफलक

निरोप ध्यानांत ठेवून तो योग्य माणसास योग्य वेळीं सांगणें ही एक विद्याच आहे, आणि एके काळीं ती आपल्या घरांतील मुलांस आपोआप येत असे. शेजारच्या काकूंस हळदीकुंकवाचें बोलावणें करावें, शिंप्याकडे कपडे झाले कीं नाहीं तें विचारून यावें, मामांचा निरोप आजीच्या कानीं घालावा, हीं कामें मुलांचींच असत. आज तीं बहुतेक मोबाईलनें आपल्याकडे घेतलीं आहेत. सोय झाली यांत शंका नाहीं; परंतु घरांतील निरोप आतां मोठ्यांच्या खिशांतून परस्पर जातात. ज्याच्या हातीं तें यंत्र अद्याप दिलेलें नाहीं असा सहा-सात वर्षांचा नातू, आणि जिला त्यावरील बारीक अक्षरें दिसत नाहींत अशी आजी, हीं दोघें त्यांतून वगळलीं जातात. या दोघांस घरच्या व्यवहारांत पुन्हां ओढून घेणारें एक साधन मुलांस सुटीच्या दोन दिवसांत स्वतः करतां येतें. तें आम्ही येथें सुचवितों.

साहित्य घरांतलेंच आहे. मोठ्या खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचे ६० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद असे दोन तुकडे मुलांनीं आंखावे. सुरी मात्र वडील माणसानें चालवावी. एका तुकड्याच्या पन्हाळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या येतील अशा रीतीनें ते एकमेकांस चिकटवावे, म्हणजे फलक सहसा वांकत नाहीं. खळीसाठीं दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यांत गुठळ्या न होतां कालवावा व मंद आंचेवर ढवळीत शिजवावा. पुस्तकें बांधणारे खळींत मोरचूद घालतात. परंतु तें विषारी असल्यामुळें मुलांच्या कामांत नको. त्याऐवजीं रोज ताजी खळ करावी. चिकटविलेला पुठ्ठा रात्रभर जड पुस्तकांखालीं ठेवावा.

दुसऱ्या दिवशीं जुन्या सुती साडीचा तुकडा फलकावर ताणून त्याच्या कडा मागील बाजूस चिकटवाव्या. मग नाड्या दहा-दहा सेंटिमीटरांच्या अंतरानें दोन्ही बाजूंनीं तिरप्या बांधाव्या, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचीं घरें तयार होतील. नाड्या जेथें एकमेकींस छेदतात तेथें एकेक बटण टांकून घ्यावें. शेवटीं मागच्या बाजूस कागद लावून टोंकें झांकून टाकावीं. चिठ्ठी नाडीखालीं सरकवितांच घट्ट बसते; टांचणी लागत नाहीं, म्हणून धाकट्या भावंडांसही भय नाहीं. फलक लावावा तो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि शेजारीं दोऱ्यास पेन्सिल बांधून ठेवावी.

इ. स. १९०७ मध्यें डॉ. मारिया मॉण्टेसरी यांनीं रोम येथील गरिबांच्या वस्तींत बालगृह उघडलें. तेथें त्या चिठ्ठ्यांवर लहान लहान आज्ञा लिहून देत. मुलें त्या मनांतल्या मनांत वाचून तशी कृति करून दाखवीत. एकाच्या मनांतील गोष्ट शब्दही न उच्चारतां दुसऱ्यास कळते, हें मुलास स्वतः अनुभवावयास मिळालें, म्हणजे वाचनाचें प्रयोजन त्याला वेगळें सांगावें लागत नाहीं. पुढें आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं बोर्डी व कोसबाड येथें परिसरांतील साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभें केलें. तेव्हां पुठ्ठा आणि नाडी यांस कोणी कमी लेखूं नये.

आतां वडील मंडळींसाठीं दोन शब्द. फलक करणें हें मुलांचें काम. तो जिवंत ठेवणें आपलें. प्रत्येक चिठ्ठीवर कोणास, कोणाकडून व तारीख एवढें असावें, आणि काम झालें कीं ज्याच्या नांवाची चिठ्ठी त्यानें ती काढावी. आजीसाठींचीं अक्षरें ठळक व मोठीं असावीं. तिला लिहिणें जमत नसेल तर ती सांगेल व नातू लिहील. मुलाच्या चिठ्ठींत ऱ्हस्व-दीर्घाची चूक आढळल्यास तिच्यावर लाल रेघ ओढूं नये. उत्तरांत तोच शब्द शुद्ध लिहावा, मूल तो आपण होऊन उचलतें. फलकावर नुसत्या आज्ञा व रागवणें लावूं नये, नाहीं तर मुलें तिकडे पाहणेंच सोडतील.

सर्वांत महत्त्वाचें हें, कीं मुलाच्या चिठ्ठीस त्याच दिवशीं उत्तर मिळालें पाहिजे. “बाबा, माझी सायकल नीट करा” ही चिठ्ठी आठ दिवस तशीच लटकत राहिली, तर आपल्या लिहिण्यास या घरांत किंमत नाहीं एवढेंच मूल शिकेल. वेळ नसल्यास “रविवारीं करूं” एवढें लिहावें, आणि रविवारीं तें करावें.