एका कंसाची करामत

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना पकडण्याच्या आज्ञापत्रात ‘धरावे’ असा शब्द होता. त्यातील ‘ध’चा ‘मा’ करण्यात आला आणि ‘मारावे’ असा हुकूम मारेकऱ्यांच्या हाती पडला, अशी आख्यायिका आहे. एका अक्षराने हुकमाचा अर्थ पालटला! संगणकाच्या जगातही असेच घडू शकते. तेथे तर अक्षरही लागत नाही, एखादा कंस पुरतो. ते कसे, हे आज आपण पाहू.

मोठ्या महाविद्यालयात किंवा कचेरीत हजारो माणसांची नावे, शाखा, फोन नंबर वगैरे माहिती संगणकावरील एका सूचीत ठेवलेली असते. ही जणू टेलिफोन डिरेक्टरीच. अशा सूच्यांसाठी १९८८ साली ‘एक्स. ५००’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. पण ती त्या काळच्या लहान संगणकांना फार जड होती. म्हणून १९९३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे टिम हाउज आणि त्यांचे सहकारी यांनी एक हलकी पद्धत मांडली. तिचे नाव ‘लाइटवेट डिरेक्टरी अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल’, म्हणजेच ‘एलडॅप’. ती आजही जगभर वापरली जाते.

या पद्धतीत सूचीला प्रश्न कसा विचारतात ते पाहा. (वाचायला सोपे जावे म्हणून येथे मराठी शब्द घातले आहेत.)

(&(शाखा=विज्ञान)(नाव=सुमन))

& म्हणजे ‘आणि’. आपण गणितात २ + ३ असे चिन्ह मध्ये लिहितो. येथे ते आधी येते. प्रश्नाचा अर्थ असा : जिची शाखा विज्ञान आहे आणि नाव सुमन आहे, अशी नोंद दाखव. तारकाचिन्ह * म्हणजे ‘काहीही चालेल’. ‘नाव=सु*’ असे लिहिले, तर सुमन, सुधा, सुरेश असे सगळे मिळतील.

आता समजा, एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधण्याची चौकट आहे. उत्तरात फक्त नाव व शाखा दिसते. फोन नंबर सूचीत असला तरी दाखवला जात नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रश्नाचा साचा आधीच तयार ठेवला आहे :

(&(शाखा=विज्ञान)(नाव=____))

पाहुणा चौकटीत जे लिहील ते रिकाम्या जागी चिकटवायचे, एवढेच काम. पण एका लबाड पाहुण्याने नावाऐवजी असे लिहिले : सुमन)(फोन=९*

ते साच्यात बसवून पाहा :

(&(शाखा=विज्ञान)(नाव=सुमन)(फोन=९*))

कंस मोजा. सगळे बरोबर जुळतात! संगणकाला यात काहीच वावगे दिसत नाही. साचा कोणी लिहिला आणि रिकामी जागा कोणी भरली, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्यापुढे येते ती एक सलग ओळ. सुमनचे नाव उत्तरात आले, तर तिचा नंबर ९ ने सुरू होतो. नाही आले, तर ८ घालून पाहायचे.

आता थोडे गणित करू. दहा अंकी नंबर आंधळेपणाने ओळखायचा तर शक्यता होतात १० चा दहावा घात, म्हणजे १००० कोटी. पण एकेक अंक असा विचारत गेले, तर प्रत्येक अंकाला जास्तीत जास्त १० आणि एकूण जास्तीत जास्त १०० प्रश्न पुरतात! सुमनने विश्वासाने दिलेला नंबर काही मिनिटांत परक्याच्या हाती जातो. तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा दोष शोधायचा कसा? आज्ञावली वाचताना दोन ठिकाणी बोट ठेवा : बाहेरची अक्षरे जिथे आत येतात ते, आणि सूचीला प्रश्न जिथे पाठवला जातो ते. या दोहोंमधली वाट तपासा. अक्षरे वाटेत कुठेही न पारखता प्रश्नाला चिकटवली असतील, तर दोष सापडला. दुसरी कसोटी म्हणजे आपल्याच आज्ञावलीच्या चौकटीत नुसता एक कंस लिहून पाहणे. ‘असे नाव नाही’ हे उत्तर योग्य. आज्ञावली अडखळून चूक दाखवू लागली, तर समजावे की तो कंस नावात न राहता प्रश्नाच्या व्याकरणात घुसला आहे. मात्र ही कसोटी फक्त स्वतःच्या आज्ञावलीवर करावी. दुसऱ्याच्या संगणकावर परवानगीवाचून असे करणे हा आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे.

आता उपाय. ‘कंस लिहायलाच बंदी’ हा सोपा वाटतो. पण सूचीत ‘कुलकर्णी (धाकटे)’ अशी खरीखुरी नोंद असली तर? २००६ सालच्या ‘आर. एफ. सी. ४५१५’ या मानकात चांगली युक्ती दिली आहे. बाहेरून आलेल्या मजकुरात असे चिन्ह आले की त्याच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि चिन्हाचा क्रमांक लिहायचा. हा क्रमांक सोळाच्या पायावर असतो. त्यात १० साठी ‘ए’ लिहितात. तारकाचिन्हाचा क्रमांक ४२, म्हणजे २ × १६ + १०, म्हणून \२ए. तसेच ( साठी \२८ आणि ) साठी \२९. मग लबाडाचा मजकूर असा होतो :

सुमन\२९\२८फोन=९\२ए

सूची आता याच विचित्र नावाचे माणूस शोधते आणि ‘सापडले नाही’ म्हणते. पायथन, पीएचपी अशा भाषांत हे काम करणारी तयार साधने आहेत. ती फक्त बाहेरच्या मजकुराला लावायची. साच्याला लावली तर आपलेच कंस निकामी होतील.

शिवाय दुसरे कुलूपही हवे. नाव शोधणाऱ्या आज्ञावलीला सूचीतील फोन नंबर पाहण्याचा अधिकारच देऊ नये. म्हणजे एखादी चूक नजरेतून सुटली, तरी सुमनचा नंबर सुरक्षित राहील.

आता कागद-पेन्सिल घ्या. वरच्या साच्यात नुसते * बसवले तर कोणाकोणाची नावे मिळतील? आणि उलट्या तिरक्या रेघेचा क्रमांक ९२ आहे. तो सोळाच्या पायावर कसा लिहाल? उत्तर काढताना ती रेघ स्वतःही का बदलावी लागते, याचा विचार करा. तुमच्या शिक्षकांशीही त्यावर चर्चा करा.