किट कारचा मागचा ॲक्सल : अखंड की स्वतंत्र?

सुटे भाग विकत आणून घरच्या गॅरेजमध्ये स्वतःची मोटार उभी करायची, हा छंद ब्रिटनमध्ये गेली कित्येक दशके रुजला आहे. अशा मोटारीला 'किट कार' म्हणतात. सांगाडा, पत्रे आणि काही खास भाग एका कंपनीकडून घ्यायचे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकांचे हब एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे आणि त्यांची जुळणी करायची. या जुळणीत रंग, आसने, डॅशबोर्ड यांविषयीचे निर्णय पुढे ढकलता येतात. एक निर्णय मात्र पहिला नळ कापण्यापूर्वीच घ्यावा लागतो : मागची चाके सांगाड्याला कशी जोडायची? ती एका अखंड 'लाइव्ह ॲक्सल'वर बसवायची, की प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचे? सांगाड्याचा मागचा सारा भाग या उत्तराभोवतीच रचला जातो. त्यामुळे मध्येच विचार बदलणे म्हणजे निम्मे काम मोडून टाकणे होय.

या छंदाचा मूळपुरुष म्हणजे कॉलिन चॅपमन यांची १९५७ सालची 'लोटस सेव्हन'. तयार मोटारीवर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदी कर भरावा लागे. सुट्या भागांच्या संचाला त्यातून सूट होती. या सवलतीने किट कारला बळ दिले. १९७३ मध्ये करपद्धती बदलली आणि तो फायदा संपला. त्याच वर्षी 'सेव्हन'चे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले. कर गेला, तरी छंद टिकला आणि मागच्या ॲक्सलचा वादही टिकला.

दोन रचना, दोन स्वभाव

लाइव्ह ॲक्सल भारतीय वाचकाला अपरिचित नाही. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या मागे तोच होता. डिफरन्शियल आणि चाकांना फिरवणारे दोन्ही शाफ्ट एकाच मजबूत कवचात बंद असतात. कवचाच्या दोन टोकांना चाके आणि वर पाटे किंवा स्प्रिंग. बैलगाडीच्या आसाशी त्याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की हा आस चाकांना शक्तीही पुरवतो. एक चाक उंचवट्यावर चढले की सारा ॲक्सल तिरपा होतो आणि दुसरे चाकही कलते.

स्वतंत्र रचनेत डिफरन्शियल सांगाड्यालाच बोल्टने पक्के बसवलेले असते. तेथून सांधे असलेले दोन शाफ्ट चाकांकडे जातात आणि प्रत्येक चाक आपापल्या आर्म्सवर वरखाली होते. डाव्या चाकाखालचा खड्डा उजव्या चाकाला कळत नाही. ऐकताना दुसरी रचना सर्वच बाबतीत सरस वाटते. प्रश्न असा की, ती हलक्या, घरी बांधलेल्या मोटारीतही तितकीच सरस ठरते का?

वजनाचे गणित

स्वतंत्र सस्पेन्शनच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वजनाचा आहे. चाके, हब, ब्रेक आणि लाइव्ह ॲक्सलमध्ये डिफरन्शियलसुद्धा, हे सारे स्प्रिंगच्या खाली असते. खड्ड्यात उसळणारा हा भार जितका जास्त आणि त्याला दाबून ठेवणारे वरचे वजन जितके कमी, तितके चाक रस्ता सोडण्याची शक्यता अधिक.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. एखाद्या जुन्या सलून गाडीच्या मागच्या चाकांवर ४०० किलो भार आहे आणि त्यातील ९० किलो स्प्रिंगखालचा आहे. वरचा भार उरतो ३१०, म्हणजे खालच्याच्या सुमारे साडेतीनपट. तोच ॲक्सल ५५० किलोच्या किट कारला लावला आणि मागे निम्मे, म्हणजे २७५ किलो आले, तर वरचा भार १८५ किलोच राहतो. प्रमाण जेमतेम दुपटीवर येते. डिफरन्शियल सांगाड्यावर नेऊन स्प्रिंगखालचे वजन ६० किलोवर आणले, तर प्रमाण पुन्हा साडेतीनपटीवर जाते. खडबडीत रस्त्यावर लाइव्ह ॲक्सलची किट कार वळणात बाजूला उडी मारते, असे जे म्हटले जाते, त्याचे कारण हेच.

परंतु हेच गणित गुळगुळीत रस्त्यावर फारसे बोचत नाही. उलट तेथे लाइव्ह ॲक्सलचा एक गुण पुढे येतो. गाडी वळणात कलली, तरी ॲक्सल रस्त्याला समांतरच राहतो आणि टायर सपाट टेकलेला असतो. शिवाय किट कार बुटकी असते, तिचे गुरुत्वमध्य खाली असते आणि ती मुळातच फार कलत नाही. दोष लपावा आणि गुण दिसावा, अशी ही परिस्थिती आहे.

ॲक्सलला जागेवर धरणे

लाइव्ह ॲक्सलची खरी परीक्षा तो जागेवर कसा धरला आहे, यात असते. पुढेमागे सरकू नये म्हणून सहसा चार लांब दांडे आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा 'पॅनहार्ड रॉड' दिला जातो. हा रॉड एका टोकाला सांगाड्याशी, दुसऱ्या टोकाला ॲक्सलशी जोडलेला असल्याने चाके वरखाली होताना तो कंसात फिरतो आणि ॲक्सलला किंचित बाजूला ओढतो. रॉड एक मीटर लांब आणि आडवा असेल, तर चाके ५० मिलिमीटर वर आल्यावर ही ओढ सव्वा मिलिमीटर भरते, म्हणजे नगण्य. रॉड आखूड किंवा तिरका बसवला, तर मात्र ती जाणवू लागते.

काटकसर कोठे महागात पडते, याचे उदाहरण 'लोटस सेव्हन'नेच घालून दिले आहे. १९६० च्या दुसऱ्या मालिकेत ॲक्सलला धरणाऱ्या ए-आकाराच्या चौकटीचे टोक डिफरन्शियलच्या कवचाखाली जोडले होते. साध्या घरगुती गाडीसाठी बनवलेल्या त्या कवचावर नवा ताण आला आणि तेलगळती हा त्या गाडीचा ओळखीचा विकार ठरला. जुन्या गाडीचा भाग नव्या कामाला लावताना तो कोणत्या ताणासाठी घडवला होता, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

लाइव्ह ॲक्सलचा आणखी एक स्वभावदोष आहे. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरताना ॲक्सललाही आपल्याबरोबर फिरवू पाहतो. त्यामुळे जोरात वेग घेताना एका बाजूचे चाक हलके होते आणि घसरते. शक्ती बेताची असेल तर हे क्वचितच खटकते. शक्ती वाढली की खटकू लागते.

स्वातंत्र्याची किंमत

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये हा दोष नाही, कारण डिफरन्शियल सांगाड्याला बांधलेले असते. पण मग सारा पीळ सांगाड्याला सोसावा लागतो. इंजिनाचा पीळ १५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि डिफरन्शियलचे ३.६ धरले, तर चाकांशी सुमारे १,९०० न्यूटन-मीटर पीळ पोचतो. तितकाच उलटा पीळ डिफरन्शियलच्या कवचावर येतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या आधारांत ३० सेंटिमीटरचे अंतर असेल, तर प्रत्येक आधारावर सुमारे ६४० किलो वजनाइतका जोर पडतो. हौशी वेल्डरने लावलेली पातळ पट्टी येथे टिकत नाही.

दुसरा प्रश्न भूमितीचा. वरचे आणि खालचे आर्म्स समान लांबीचे व समांतर असतील, तर गाडी तीन अंश कलली की चाकेही तीन अंश कलतात आणि टायर कडेवर जातो. वरचा आर्म आखूड ठेवून हा दोष कमी करतात. पण ती लांबी आणि ते कोन अचूक साधावे लागतात. त्याहून नाजूक बाब म्हणजे चाकाची दिशा. मागचे चाक सरळ रेषेपासून एक अंश वळले, तर दर १० मीटरला ते सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाऊ पाहते. चाक वरखाली होताना असा बदल घडू लागला, तर वळणात मागचा भाग स्वतःच वळू लागतो. लाइव्ह ॲक्सलमध्ये दोन्ही चाके एकाच कवचाला जखडलेली असल्याने ही चूक करण्याची संधीच मिळत नाही. चुकीचे बांधलेले स्वतंत्र सस्पेन्शन हे नीट धरलेल्या लाइव्ह ॲक्सलपेक्षा वाईट असते, ते यामुळे.

या दोहोंत एक मधला मार्गही आहे. 'द दियॉं' पद्धतीत डिफरन्शियल सांगाड्यावर राहते, पण दोन्ही चाके एका पोकळ नळीने परस्परांशी जोडलेली असतात. स्प्रिंगखालचे वजन घटते आणि टायर सपाट टेकण्याचा गुणही राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जन्मलेली ही रचना कॅटरहॅमने १९८० च्या दशकात 'सेव्हन'साठी स्वीकारली.

एकाच गाडीची तीन उत्तरे

कॅटरहॅमचा इतिहास या वादावर चांगला प्रकाश टाकतो. सुमारे २०० ते २६० अश्वशक्तीच्या, २००५ च्या सुमारास आलेल्या 'सीएसआर'ला कंपनीने पूर्ण स्वतंत्र सस्पेन्शन दिले. मधल्या बहुतेक मॉडेलांना द दियॉं नळी मिळाली. आणि २०२१ मध्ये आलेल्या, सुझुकीचे ६६० सीसी इंजिन असलेल्या ४४० किलोच्या 'सेव्हन १७०'ला लाइव्ह ॲक्सलच बसवला. ८४ अश्वशक्ती आणि अरुंद टायर यांना तो पुरेसा होता. एकच आराखडा, पण शक्ती आणि किंमत बदलताच उत्तर बदलले.

घरी बांधणाऱ्यांच्या जगात मात्र उत्तर बरेचदा भंगारवाल्याकडे ठरते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे, अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचे आश्वासन शीर्षकातच देणारे पुस्तक हेन्स प्रकाशनाने काढले. त्यातील गाडीला जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा लाइव्ह ॲक्सल होता. पण १९८० मध्ये एस्कॉर्ट पुढच्या चाकांवर चालणारी झाली होती; त्यामुळे जुने ॲक्सल दुर्मीळ आणि महाग होत गेले. त्याच प्रकाशनाने २००७ मध्ये क्रिस गिब्ज यांचे पुस्तक काढले, तेव्हा त्यातील गाडी फोर्ड सिएराच्या भागांवर बेतलेली होती. सिएराच्या मागे मुळातच स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने डिफरन्शियल, शाफ्ट आणि हब तयारच मिळत. अकरा वर्षांत भौतिकशास्त्र बदलले नव्हते; बदलले होते ते बाजारात काय मिळते, एवढेच.

निवड कशी करावी?

तेव्हा कोणती रचना 'आधुनिक', हा प्रश्न बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारणे हिताचे. गाडी कोणत्या रस्त्यावर धावणार? इंजिनाची शक्ती किती? आणि बांधणाऱ्याचा हात, वेळ व पैसा किती? गुळगुळीत रस्ते, बेताची शक्ती आणि पहिलीच गाडी असेल, तर चांगल्या स्थितीतील लाइव्ह ॲक्सल, लांब दांडे आणि आडवा पॅनहार्ड रॉड हे समंजस उत्तर आहे. खडबडीत रस्ते किंवा मोठे इंजिन असेल, तर स्वतंत्र सस्पेन्शन घ्यावे. मात्र आर्म्सची भूमिती सिद्ध झालेल्या आराखड्यातूनच उचलावी आणि सांगाडा अचूक जिगवर वेल्ड केलेला असावा.

ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणीतून जावे लागते. २००९ पासून तिचे नाव 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' असे आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, पट्टे, धारदार कडा सारे तेथे पाहिले जाते. पण त्या तपासणीपर्यंत पोचण्यासाठी गाडी आधी पूर्ण व्हावी लागते. हाताला न पेलणारी रचना निवडल्याने अर्धवट राहिलेला सांगाडा कोणतेच वळण घेत नाही.