चिठ्ठीने उघडलेली पेटी

दिवाळीपूर्वी दुकानातील मालाची मोजदाद करणे ही आपल्या घरांतील जुनी शिस्त आहे. कोणता तागा किती उरला, कोणता माल किती वर्षांपासून एकाच फळीवर पडून आहे, हे त्या दोन दिवसांत कळते आणि मनाला थोडा चटकाही लागतो. घरातील संग्रहाची मात्र अशी मोजदाद सहसा कोणी करीत नाही. पुस्तके, भांडी, साड्या, गाणी वर्षानुवर्षे साठत राहतात आणि ती आपली आहेत, एवढ्या समाधानावर आपण राहतो.

आमच्या सोलापूरच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी आषाढात पुढे आला. दुरुस्तीसाठी माळा रिकामा करावयाचा होता. त्यावर वडिलांच्या दोन लाकडी पेट्या होत्या. त्यांत 214 कॅसेट निघाल्या. वडील कापडाच्या खरेदीसाठी मुंबईला मूळजी जेठा मार्केटमध्ये जात आणि परतताना एक-दोन कॅसेट घेऊन येत. प्रत्येकीच्या आतील कागदावर त्यांनी वहीतल्याच वळणदार अक्षरात तारीख व किंमत लिहिलेली होती. गीतरामायण, नाट्यपदे, भीमसेन जोशींचे अभंग, लताबाईंची चित्रपटगीते, भक्तामर स्तोत्र, जिनस्तवने आणि काही घरीच मुद्रित केलेल्या कॅसेट, असा तो ऐवज होता.

धाकट्या भावाचे म्हणणे व्यवहाराचे होते. ही सगळी गाणी आता फोनवर मिळतात, तेव्हा पेट्या रद्दीत द्याव्यात. आईने काहीच मत दिले नाही. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, द्यायच्याच असतील तर आधी एकदा ऐकून तरी द्या." कोणत्या ऐकायच्या, यावर मात्र एकमत होईना. ज्याने त्याने निवड केली, तेव्हा सगळ्यांचे हात त्याच पाच-सात कॅसेटकडे गेले. वडील होते तेव्हाही त्याच वाजत. उरलेल्या दोनशे कॅसेट म्हणजे दुकानाच्या भाषेत पडून राहिलेला माल.

देवळात एखादा मान एकाच घराला द्यावयाचा असेल आणि इच्छुक अनेक असतील, तर कधीकधी लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. आम्ही तोच मार्ग धरला. कॅसेटना क्रमांक दिले आणि तितक्या चिठ्ठ्या करून पितळी डब्यात टाकल्या. चातुर्मास सुरू होण्याच्या दिवसापासून, म्हणजे आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून, रोज सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर नातवाने एक चिठ्ठी काढावयाची, असे ठरले. नियम तीनच होते. रोज एकच कॅसेट. लावलेली बाजू पूर्ण ऐकावयाची, मध्ये पुढे सरकवावयाची नाही. आणि निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकावयाची नाही.

तिसरा नियम मुलीने घातला व त्याचे गणितही तिनेच समजावून दिले. चिठ्ठी दरवेळी परत टाकली, तर 214 पैकी केवळ 18 वेळा काढताच एखादी पुन्हा निघण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. आणि 214 वेळा काढूनही सुमारे 37 टक्के कॅसेटना हात लागतच नाही. केवळ नशिबावर सोडले तर तेही सर्वांना न्याय देत नाही. आधी काढलेले बाजूला ठेवले, तरच प्रत्येकाची पाळी येते.

न निवडता गाणे ऐकण्याची ही रीत तशी नवी नाही, हे आईमुळे लक्षात आले. तिच्या तरुणपणी गाणे रेडिओवरून येई. विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झाली. पुढचे गाणे कोणते लागणार, हे ऐकणाऱ्याच्या हाती नसे आणि म्हणून कान सतत तयार असे. गीतरामायण 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, तेव्हा गदिमा आणि सुधीर फडके यांच्या पुढच्या गीतासाठी लोक आठवडाभर थांबत. 56 गीते पूर्ण व्हायला वर्ष लागले. कॅसेटचा शोध 1963 सालचा. आपल्याकडे ती घरोघरी पोहोचली ती साधारण 1980 च्या दशकात. तिच्यामुळे गाणे प्रथमच सामान्य माणसाच्या मुठीत आले. मग हवे तेच, हवे तितक्या वेळा ऐकता येऊ लागले आणि ऐकण्याचा परीघ मात्र हळूहळू आकसत गेला.

पहिल्या पंधरवड्यातच चिठ्ठीने आम्हाला आमच्याच घरातल्या अनोळखी गोष्टी दाखवल्या. 'चितचोर' ही 1976 सालच्या चित्रपटाची कॅसेट निघाली. तिचे संगीतकार व गीतकार रवींद्र जैन हे अलीगढच्या जैन कुटुंबात जन्मलेले व जन्मापासून दृष्टिहीन होते, हे मुलीला ठाऊक नव्हते. 'मानापमान' हे 1911 सालचे नाटक आणि 'कट्यार काळजात घुसली' हे 1967 सालचे. या दोहोंची पदे लागोपाठच्या दोन दिवशी निघाली. गोविंदराव टेंबे आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या चालींत अर्धशतकाहून अधिक अंतर आहे, ते शेजारी ठेवल्यावर कानाला आपोआप कळले. मी स्वतः हे दोन दिवस असे कधीच जुळवले नसते.

पूर्ण बाजू ऐकण्याचा नियम सुरुवातीला जड गेला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची. आपल्या सामायिकाच्या एका मुहूर्ताला, म्हणजे 48 मिनिटांना, तीन मिनिटे कमी. संगीत ऐकणे म्हणजे सामायिक नव्हे, हे उघड आहे. पण तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून एका जागी बसणे आपल्याला किती अवघड झाले आहे, हे मात्र त्यातून उमगले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे 130 मीटर फीत असते. कापडवाल्याच्या घरात एवढी लांबी रोज मोजली जाते. ती बसून उलगडू देण्याचा प्रसंग विरळाच.

मुनिमहाराज आहारासाठी निघताना मनात एखादा विधी धरतात आणि तो जेथे जुळेल तेथेच आहार घेतात. बाह्य तपांपैकी वृत्तिपरिसंख्यान ते हेच. आपल्या खेळाची त्या तपाशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. तरी आपल्या आवडीला थोडे आवरले की समोर आलेल्या गोष्टीकडे आदराने पाहता येते, एवढा बोध गृहस्थाने घ्यायला हरकत नसावी.

भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दशलक्षण पर्व सुरू होणार होते. त्या दहा दिवसांत संध्याकाळी प्रवचन व प्रतिक्रमण असल्यामुळे डबा बंद ठेवावयाचा होता. आदल्या दिवशी, चतुर्थीला, एकावन्नावी चिठ्ठी निघाली. क्रमांक 131. कॅसेटवर वडिलांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'कोरी'. भाऊ म्हणाला, "ही सोड, दुसरी काढ." नातू नियमाला धरून बसला. आम्ही ती लावली.

वीसेक मिनिटे नुसती खरखर होती. आम्ही एकमेकांकडे पाहून हसत होतो. मग अचानक दुकान ऐकू आले. कापडाच्या घड्या पडल्याचा आवाज, फळी लावल्याचा आवाज आणि पाठोपाठ वडिलांचा गळा. मंदिरातले एक पद त्यांनी सुरू केले होते. दुसऱ्याच ओळीला एक आवाज म्हणाला, "दादा, पट्टी उतरव, पुढे मरशील." तो काकांचा आवाज होता. दोघे मोठ्याने हसले आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरू झाले. शेवटचे पद काका एकट्याने गायले. ते इतके सुरेल गात असत, हे मी पार विसरलो होतो.

विसरण्याचे कारण घरातील सर्वांना ठाऊक होते. 1994 साली दुकानाची वाटणी झाली. वाटणी कागदावर नीट झाली, मनात नाही. त्यानंतर काका आमच्या उंबऱ्याच्या आत आले ते वडील गेले त्या दिवशीच. एकाच गावात, एकाच मंदिरात आम्ही शेजारी उभे राहत होतो आणि अर्घ्य देऊन आपापल्या वाटेने जात होतो.

कॅसेट काढून हातात घेतली, तेव्हा मुलीने मला तिची वरची कड दाखवली. तेथे प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर नवे काही मुद्रित होत नाही. आधीचे पुसले जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. या कॅसेटचे दोन्ही तुकडे मोडलेले होते. वर 'कोरी' असे लिहिणाऱ्या माणसाने ती कोणी कधी पुसू शकणार नाही, याची व्यवस्थाही केली होती. आई तेव्हा प्रथम बोलली, "त्यांना लावायचीही नव्हती आणि टाकायचीही नव्हती."

दहा दिवस डबा बंद होता. पहिल्या दिवशी उत्तम क्षमेवर प्रवचन झाले, नवव्या दिवशी आकिंचन्यावर. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नव्हे, तर तिच्यावरील आसक्तीवर केलेली आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. या वर्षी ते ऐकताना मनात आले की, तीस वर्षे जपून ठेवलेला रागदेखील साठाच असतो. त्याची मोजदाद होत नाही, तो कोठल्या वहीत दिसत नाही आणि त्याची जागा मात्र अडलेली राहते.

क्षमावाणीच्या दिवशी मी व धाकटा भाऊ टू-इन-वन आणि ती कॅसेट घेऊन काकांकडे गेलो. हात जोडून क्षमा मागितली. दरवर्षी मंदिरात घाईत म्हणतो तेच शब्द होते. या वेळी ते म्हणताना आवाज स्थिर राहिला नाही. मग कॅसेट लावली. काका मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर बराच वेळ थांबून म्हणाले, "तुझ्या बापाची पट्टी तेव्हाही चढीच होती." काकू आत पाणी आणायला गेल्या. पुढच्या आठवड्यात काका आमच्याकडे आले आणि डब्यातली चिठ्ठी त्यांनी काढली.

माघ अखेरीस डबा रिकामा झाला. आम्ही 38 कॅसेट ठेवल्या. घरी मुद्रित केलेल्या सर्व कॅसेटची संगणकावर प्रत करून ती दोन्ही घरांना दिली. बाकीच्या, जुन्या ध्वनिमुद्रणांचा शोक असलेल्या एका गृहस्थांना देऊन टाकल्या. भावाला हवी होती तशी जागा मोकळी झाली; पण काय देत आहोत, हे या वेळी आम्हाला माहीत होते.

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल, त्यांना एक व्यवहाराची सूचना. जुनी कॅसेट थेट लावू नये. आतील फीत ढिली किंवा बुरशी धरलेली नाही ना हे पाहावे, ती एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून घ्यावी आणि यंत्राचे हेड स्वच्छ करावे. मग चिठ्ठ्या कराव्यात. 'कोरी' लिहिलेलीलाही क्रमांक द्यावा.