श्वासनलिकेतले हळवे मज्जातंतू

धुळीची ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्याला माळा झाडताना धाप लागली, तर त्यात नवल नाही. पण त्याच माणसाची छाती मिरचीच्या फोडणीने, उदबत्तीच्या धुराने, पहाटेच्या गार वाऱ्यानेही आवळून येते. गार वाऱ्याविरुद्ध शरीर काही प्रतिपिंडे तयार करत नाही. मग श्वासनलिका एवढ्या हळव्या कशाने होतात?

ॲलर्जीच्या दम्याची नेहमीची हकिगत प्रतिकारशक्तीची आहे. परागकण किंवा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे कण श्वासातून आत जातात, आयजीई प्रतिपिंडे त्यांना ओळखतात, मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात, अस्तर सुजते, चिकट कफ साचतो, स्नायू आवळतात. हे सगळे खरे आहे, पण यात मज्जातंतूंचे नावच नाही. श्वासनलिकेच्या अस्तरात संवेदी तंतूंचे दाट जाळे असते. तिथली खबर व्हेगस मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्याशी पोहोचते आणि उलट निरोप येतो, तो खोकल्याचा किंवा नळी आवळण्याचा. नेब्युलायझरमधून दिले जाणारे इप्राट्रोपियम हे औषध नळी आवळण्याचा हा परतीचा निरोपच अडवते.

या तंतूंना एक प्रथिन बिथरवते. त्याचा शोध लागला तो दम्याशी काही संबंध नसताना. 1938 मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू संशोधकांना विद्यापीठांबाहेर काढले. तुरिनच्या रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी मग घरच्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि शिवणाच्या सुयांना धार लावून कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांचे मज्जातंतू अभ्यासले. युद्धानंतर अमेरिकेत, सेंट लुईसला, त्यांना दिसले की उंदराची एक गाठ भ्रूणात रुजवली की आसपासचे तंतू बेफाम वाढतात. गाठीतून काहीतरी पाझरत होते. स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढला. तोच हा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. 1986 चे नोबेल दोघांना मिळाले.

मला या इतिहासातले 1977 हे वर्ष फार मोलाचे वाटते. लेव्ही-मोंताल्चिनी आणि लुइजी आलोए यांनी नवजात उंदरांना एनजीएफ टोचले, तेव्हा त्यांच्या शरीरात मास्ट पेशींची संख्या वाढली. मज्जातंतूंचे म्हणून ओळखले जाणारे प्रथिन ॲलर्जीच्या पेशींनाही पोसत होते. पुढे कळले की मास्ट पेशी स्वतःच एनजीएफ बनवतात आणि सोडतात. 1996 मध्ये इटलीतल्या संशोधकांना दमा आणि इतर ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तात ते वाढलेले आढळले. सौम्य दमा असलेल्यांच्या फुप्फुसात मुद्दाम ॲलर्जीकारक सोडून नंतर तिथले द्रव तपासले, तर त्यातही एनजीएफ आणि त्याचे भावंड बीडीएनएफ वाढलेले निघाले.

ही प्रथिने संवेदी तंतूंचा उंबरठा खाली आणतात. एरवी ज्या चिमूटभर धुराची दखलही घेतली नसती, त्यावर तंतू पेटून उठतो. शिवाय तंतूत सबस्टन्स पी नावाचे रसायन अधिक तयार होते. ते बाहेर पडले की रक्तवाहिन्या पाझरतात, सूज वाढते, मास्ट पेशी पुन्हा उद्दीपित होतात आणि त्यांच्याकडून आणखी एनजीएफ येते. परागकणांचा हंगाम सरल्यावरही नळ्या कुरकुरत राहतात, त्यामागे हे दुष्टचक्र असावे असे मानायला चांगला आधार आहे. ॲलर्जी घडवलेल्या उंदरांना एनजीएफविरोधी प्रतिपिंडे दिली, तर श्वासनलिकांचा हा अतिरेक कमी होतो.

मग माणसांसाठी असे औषध का नाही? कारण एनजीएफ शरीराला हवेच असते. ते ग्रहण करणारे ट्रक-ए हे प्रथिन जन्मतः बिघडलेल्या मुलांना वेदना कळत नाही आणि घाम येत नाही. ती नकळत स्वतःला भाजून, कापून घेतात. एनजीएफ रोखणारे टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड सांधेदुखीसाठी आजमावले गेले. वेदना कमी झाल्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले आणि 2021 मध्ये त्याचा विकास थांबवावा लागला. दम्यासाठी म्हणूनच सगळ्या शरीरभर फिरणारे नव्हे, तर फुप्फुसापुरतेच काम करणारे औषध लागेल. तोवर इन्हेलरमधले स्टेरॉइड हाच मुख्य आधार आहे. धाप नसलेल्या दिवसांतही ते रोज घ्यायला डॉक्टर सांगतात, कारण या चक्राला खतपाणी घालणारी सूज तेव्हाही आत चालूच असते.