येळवशीच्या ताटातली आफ्रिका

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-नांदेडकडची गावं ओस पडतात. सगळं बिऱ्हाड शेतात असतं. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी राहते, आत पांडवांची पूजा होते आणि बांधावर पंगत बसते. तुरीच्या-वालाच्या हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं ज्वारीचं गार आंबील. आपल्या मातीचं म्हणून पाहुण्याला वाढावं असं याहून दुसरं जेवण आपल्याकडे नाही. पण या ताटातली ज्वारी आणि बाजरी मूळची आफ्रिकेची आहे.

पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या खापरांवर लागवडीच्या ज्वारीचे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे ठसे आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. भाकरीवर आपण ज्याची चटणी घेतो ते कारळ इथिओपियाच्या डोंगरांतलं. तिथे आजही त्याचं तेल गाळतात. उलट दिशेने गेली ती तूर. तुरीचं माहेर भारत. तिची रानटी बहीण अजून बस्तर-ओडिशाच्या जंगलात उगवते. समुद्र ओलांडून ती पूर्व आफ्रिकेत गेली आणि तिथलीच झाली.

आता ती परत येते, पोत्यांतून. डाळीच्या व्यापारात आफ्रिकेची काही तूर गावाच्या नावाने ओळखतात. टांझानियाच्या तुरीला म्हणतात ‘अरुशा’ नाहीतर ‘मटवारा’. लातूरच्या दालमिलवाल्यांच्या तोंडी हे शब्द रोजचे. याच अरुशा शहरातून जगभरचे प्रवासी सफारीला निघतात. एकाच नावाचा आपल्याकडे भाव विचारतात आणि बाकीचं जग तिथे सिंह पाहायला जातं.

म्हणूनच सफारीला निघणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला माझी कळकळीची विनंती आहे: अरुशाहून गोरोंगोरोच्या विवराकडे जाताना गाडीत डोळे मिटू नका. वाटेत कराटू लागतं. ज्वालामुखीच्या मातीचा हा मुलूख. आपली काळी जमीनही लाव्हाच्या खडकाचीच. कराटूचा शेतकरी मक्यात तूर पेरतो. मका निघतो, तूर मागे उभी राहते, जशी आपल्याकडे सोयाबीन काढल्यावर राहते. ऑगस्टमध्ये लातूरला तूर गुडघ्याएवढी असते, तेव्हा कराटूत शेंगा वाळू लागलेल्या असतात. आपली नवी तूर बाजारात यायच्या आत त्यांची जहाजं भरतात. या व्यापाराचं इंगित हंगामांच्या या फरकात आहे.

सफारीसाठी आपल्याकडचे लोक मुलांच्या सुट्टीमुळे एप्रिल-मे धरतात. पण तिथे तेव्हाच ‘मासिका’ हा मोठा पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कोरडा काळ. गोरोंगोरोच्या काठावरून खाली पाहिलं की सुमारे ६०० मीटर खोल परडी दिसते; तळाशी गेंडे, हत्ती, सिंह, आणि वरच्या उतारांवर गुरं वळणारे मसाई. पुढे सेरेंगेटी: १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या दुप्पट जंगल आणि माळरान. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसामागून चरत फिरतात. चाऱ्यासाठी जनावरं घेऊन गाव सोडावं लागलेल्या मराठवाड्याला ही वणवण समजावून सांगावी लागत नाही.

शेवटी झांझिबारचा किनारा. पांढरी वाळू आहेच, पण सकाळी गल्लीत ‘म्बाझी’ मागून पाहा. नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे समोर येतील. कान उघडे ठेवले तर स्वाहिलीत ‘गारी’, ‘लाकी’, ‘बिमा’ ऐकू येईल: आपली गाडी, लाख, विमा. मोसमी वाऱ्यांवर शिडाची गलबतं ये-जा करत, त्यांतून असे शब्द उतरले.

माणसंही याच समुद्रावरून आली, पण सगळी मर्जीने नव्हे. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. त्या जागी आज चर्च आहे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि गुलाम म्हणून विकला गेला होता. १६३६ मध्ये मोगलांनी उदगीरला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह, हबशीच. उदगीरच्या बुरुजावर उभं राहून हे आठवलं की आफ्रिका लांब वाटत नाही.

आजचा धागा तुरीचा आहे आणि तो टोचतो. २०१७ च्या सुरुवातीला तुरीचं पीक अमाप आलं. हमीभाव ५,०५० रुपये असताना बाजारात त्याखाली सौदे झाले, खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या, बारदाना संपला. ऑगस्टमध्ये सरकारने आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली, आणि टांझानिया-मोझांबिकमध्ये तुरीचे भाव कोसळले. आपल्याला उशिरा मिळालेला दिलासा तिकडच्या कोरडवाहू माणसाच्या पोटावर आला. २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली; तेव्हापासून भाव पडला की इथला शेतकरी ‘आफ्रिकेच्या तुरीला’ बोल लावतो. त्याचा राग खरा आहे. पण कराटूचा शेतकरीही त्याच्यासारखाच ढगाकडे बघून पेरतो, आणि दोघांचाही भाव तिसरीकडे ठरतो.

सिंह पाहून या, समुद्रात पाय भिजवून या. फक्त कराटूजवळ पाच मिनिटं गाडी थांबवा आणि त्या शेतकऱ्याला एवढंच विचारा, यंदा तुरीला काय भाव मिळाला? पुढच्या येळवशीला आंबिलाचा पेला हातात घ्याल, तेव्हा त्याचं उत्तर पंगतीत सांगा.